टेंभीवरची उघडी पेटी

तिवरपाड्याला यायचं तर भरतीची वेळ बघून निघावं लागतं. आता पूल झाला आहे, पण खाडीतला जुना मातीचा बांध अजून शाबूत आहे आणि मोठ्या भरतीला तो अजूनही पाण्याखाली जातो. बांध संपला की समोर टेंभी, म्हणजे बुटकी टेकडी, आणि तिच्यावर जाड भिंतींचं बसकं देऊळ. इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, पूर्वीपासून.

पावसाळा सरून समुद्र मोकळा झाला की जो पहिला रविवार येतो, त्या दिवशी इथं आलेला पाहुणा हमखास गोंधळतो. वेदीवर पवित्र भाकरीची लाकडी पेटी असते. वर्षभर तिला कुलूप असतं आणि तिच्यापुढं दिवा जळत असतो. त्या एका दिवशी पेटी सताड उघडी, आत काहीच नाही, आणि दिवा मात्र तसाच जळतो. वर लोकही वेदीकडे पाठ करून एकमेकांपुढं गुडघे टेकत असतात. मागं पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी देवळाच्या म्हाताऱ्या सेवकाला हलकेच बाजूला घेऊन विचारलं, चोरी झाली का हो? म्हातारा म्हणाला, झाली होती, पण त्याला फार वर्षं झाली, बसा जरा. मग त्यानं जी हकीकत सांगितली, ती ही.

वसईच्या किल्ल्यावर फिरंग्यांचं निशाण होतं, त्या काळची गोष्ट. तिवरपाड्यात कातरीन नावाची एक विधवा राहायची. देवळाची झाडलोट, दिव्याचं तेलपाणी आणि वेदीवरच्या कापडांचं धुणं तिच्याकडे होतं. या धुण्याची एक रीत होती. पाद्रीनं मिस्सेत, म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेत, मंत्र म्हटला की भाकर भाकर उरत नाही, ती प्रभूचं शरीर होते, ही इथल्या लोकांची श्रद्धा. तिचा एखादा कण कापडाला चिकटला असेल आणि तो साध्या माणसाच्या हाताला लागेल, म्हणून ते कापड पहिल्यांदा पाद्री स्वतःच्या हातानं विसळायचा आणि मगच कातरीनच्या हाती द्यायचा. ती तर त्याच्याही पुढची. भाकरीच्या चकत्या ठेवायचा प्याला रिकामा असला, तरी तो ती पदरानं धरायची. माझ्या हाताची तेवढी लायकी नाही, असं म्हणायची आणि ते अगदी मनापासून म्हणायची.

तिचा नवरा मिंगेल काही वर्षांपूर्वी समुद्रात बुडाला होता. तो आणि गावातलाच बस्त्याव एकाच होडीवर होते. वादळात मिंगेल कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला, जाळं अडकलं होतं ते सोडवायला, आणि परत आली ती एकट्या बस्त्यावची होडी. दोर तुटला, एवढंच तो म्हणाला. होडीत उरलेलं दोराचं टोक कातरीननं स्वतः पाहिलं. तुटलेला दोर कसा दिसतो आणि कापलेला कसा, हे कोळ्याच्या बायकोला कुणी शिकवावं लागत नाही. तिनं आरडाओरडा केला नाही, पंचायतीपुढं गेली नाही. त्या दिवसापासून तिनं बस्त्यावचं नाव तोंडातून काढलं नाही आणि तो वाटेत दिसला की ती वाट बदलायची, त्यावरून गाव काय ते समजलं. दिव्यात तेल घालताना मात्र ती देवाजवळ रोज एकच मागणं मागायची, की हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत मरू दे. देवापुढं असं मागू नये हे तिला कळत होतं, तरी ती मागत होती.

आता त्या वर्षी काय झालं, की समुद्र मोकळा झाला आणि त्याबरोबर लुटारूंची गलबतंही मोकळी झाली. ते लुटारू कोण, कुठले, हे नक्की कुणी सांगत नाही. ज्या पिढीचं ज्यांच्याशी वाकडं, ती पिढी त्यांचं नाव घेते, म्हणून म्हातारा सेवक कुणाचंच नाव घेत नाही. खाडीपलीकडच्या गावात त्यांनी सोन्याच्या प्याल्यासाठी देवळाची पेटी फोडली, आतली पवित्र भाकर जमिनीवर ओतली आणि तिच्यावरून चालत गेले, ही बातमी तिवरपाड्यात आली. ती ऐकून पाद्री साल्वादोरचा धीर सुटला. किल्ल्यावरून शिपाई घेऊन येतो, असं तो म्हणाला, पेटीची किल्ली त्यानं कातरीनच्या पदरात टाकली आणि पहाटेच्या ओहोटीत बांध ओलांडून निघून गेला. त्याला मदत आणायची नव्हती असं नाही, पण तो ज्या वेगानं गेला तो वेग गावानं पाहिला होता.

दिवस वर आला तशी भरती चढू लागली आणि बांध बुडाला. आता गावातून कुणाला बाहेर पडता येत नव्हतं. खाडीच्या तोंडाशी शिडं दिसली. बस्त्याव पाळतीला बांधाच्या टोकावर जाऊन उभा राहिला आणि बाकीचं गाव देवळात जमलं. लोकांनी स्वतःचे दागिने, तांदूळ कुठं लपवले, याची गोष्टीत कुठंच नोंद नाही. सगळ्यांच्या जिवाला घोर लागला तो पेटीतल्या भाकरीचा. ती त्या लोकांच्या पायाखाली जाता कामा नये.

कातरीननं पेटी उघडली आणि पदर गुंडाळलेल्या हातांनी प्याला बाहेर काढला. आधी तो विहिरीत सोडायचं ठरलं. दोरी आणली, प्याला अर्ध्यावर उतरवलाही, आणि कुणी तरी म्हणालं, देवाला पाण्यात बुडवायचं का? प्याला वर आला. मग मिठाच्या ढिगात पुरायचा ठरला, पण मिठागरात लुटारू पहिल्यांदा हात घालतात हे आठवलं. कुडाच्या भिंतीत ठेवावा तर ते भिंती पेटवतात. पाणी चढत होतं, शिडं मोठी होत होती, आणि कातरीन तो प्याला छातीशी धरून टेंभीवरून खाली आणि खालून वर धावत होती. आपल्या हातून तो पडला तर, या भीतीनं तिला रडूही येईना.

तेव्हा देवळाच्या ओट्यावर बसलेला आंधळा दुमिंग बोलला, असं सांगतात. फार म्हातारा माणूस, दिवसभर तोंडानं काही न पुटपुटता नुसता बसायचा. माळ का जपत नाहीस, असं पाद्रीनं एकदा दरडावून विचारलं तर म्हणाला होता, मी ऐकत बसतो. कुणाचं, हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि पाद्रीनं त्याचा नाद सोडला होता.

"पोरी," दुमिंग म्हणाला, "लपवायला जागा कवाची शोधतेस? ती भाकर खायासाठीच हाय ना? मग वाट सगल्यांना."

देवळात एकदम गलका उसळला. पाद्रीखेरीज कुणी त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे लहानपणापासून सगळ्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. शिवाय भाकर घ्यायची तर मध्यरात्रीपासून कडकडीत उपास हवा, आणि सगळ्यांनी सकाळी पेज पिऊन घेतलेली. एक बाई तर रडायलाच लागली, की मी पेजेबरोबर सुकट खाल्ली, आता माझ्या तोंडाला वास येतोय. दोघं-तिघं मागच्या भिंतीशी जाऊन घशात बोटं घालू लागले. दारात मरण उभं आणि ही माणसं पोटातली पेज कशी काढावी या विवंचनेत. दुमिंगनं मग आवाज चढवला आणि सांगितलं, की देवाला पोटात पेजेशेजारी बसायची लाज वाटत नसेल, तर तुम्हाला कशाला वाटते?

लोक शांत झाले. मग ज्यांचं ज्यांच्याशी वाकडं होतं, ते उठून एकमेकांकडे गेले. मनात वैर ठेवून भाकर घेता येत नाही, निदान ही तरी रीत पाळूया, असं त्यांना वाटलं असावं. कुंपणावरून, माशाच्या वाट्यावरून धरलेले अबोले तिथं घाईघाईत सुटले.

राहिली ती कातरीन. वाटायचं तिलाच होतं, कारण किल्ली तिच्याकडे होती. पदर सोडून तिनं उघड्या बोटांनी भाकरीला हात लावला तेव्हा हात जळेल अशी तिची खातरी होती. हात जळला नाही. पातळ, गार, कागदासारखी ती चकती तिनं दुमिंगच्या जिभेवर ठेवली, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. मोडून तुकडे करायची तिची छाती झाली नाही. गाव लहान होतं, भाकर पुरत आली, आणि प्याल्याच्या तळाशी एकच उरली. ती कातरीनची. तिनं ती बोटांत धरली, डोळे मिटले, आणि तेवढ्यात दारातून बस्त्याव धावत आत आला.

तो चिखलात गुडघ्यापर्यंत माखला होता आणि त्याच्या हातात वल्हं होतं. होड्या किनाऱ्याला लागल्या, एवढं सांगून तो थांबला. आत काय चाललंय हे त्याला कळलं. लोक त्याच्याकडे बघत होते आणि कातरीनकडेही. तो तिथंच दाराशी उभा राहिला, एक पाऊलही पुढं आला नाही.

"मना नको, वयनी," तो म्हणाला. "मी त्या लायकीचा नाय. तू घे."

कातरीनच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते तिनं पुढं दुमिंगला सांगितलं आणि दुमिंगकडून ते गावाला कळलं. पहिल्यांदा तिला आनंद झाला. तोंडानंच नको म्हणाला, बरं झालं. भाकर ओठांपाशी नेली आणि तिला वाटलं, सकाळपासून मी अशी जागा शोधतेय जिथं देवाला शोधायला कुणी जाणार नाही. विहीर पाहिली, मीठ पाहिलं, भिंती पाहिल्या. जिथं मी स्वतःसुद्धा कधी शोधायला गेले नसते, अशी या गावात एकच जागा आहे, आणि ती तिथं दारात उभी आहे.

ती दारापर्यंत चालत गेली. हे तिला जड गेलं, फार जड गेलं, आणि ते तिनं लपवलं नाही. तिचा चेहरा रागानं काळवंडलेला होता आणि त्याच रागात तिनं भाकर पुढं केली. बस्त्यावनं तोंड उघडलं. तिनं ती त्याच्या जिभेवर ठेवली आणि रिकामा प्याला घेऊन मागं फिरली. बस्त्याव वल्हं आडवं धरून उंबरठ्याबाहेर उभा राहिला.

लुटारू टेंभी चढून आले. वल्ह्यानं तो किती जणांना अडवणार? त्यांनी त्याला लोळवला आणि दोघांनी दंड धरून आत आणला. त्यांचा नायक थेट वेदीकडे गेला. पेटी उघडी होती, रिकामी होती. कातरीननं स्वतःहून पुढं होऊन सोन्याचा मुलामा दिलेला प्याला त्याच्या हातात दिला. घासाघीस नाही, रडारड नाही, आणि तिथंच चुकलं. सोनं इतक्या सहज देतात म्हणजे सोन्याहून मोलाचं काही तरी यांनी दडवलंय, हे त्या माणसानं ताडलं. एवढं कुलूप, रात्रंदिवस दिवा, ते काय या प्याल्यासाठी? त्याच्याबरोबर एक दुभाषा होता. त्याच्या तोंडून नायकानं विचारलं, या पेटीत काय होतं आणि ते आता कुठं आहे?

नायकानं बस्त्यावला केसांना धरून वेदीसमोर ओढलं, गुडघ्यांवर बसवलं आणि तलवारीचं टोक त्याच्या पोटाला लावलं. मग तो कातरीनकडे वळला, कारण किल्ली तिच्या कमरेला दिसत होती. सांग, नाही तर याला उभा चिरतो.

देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की तो माणूस कुणासमोर कुणाचा जीव मागतोय. कातरीननं काहीही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहिली असती तरी तिची इतक्या वर्षांची प्रार्थना तिच्या डोळ्यांदेखत पुरी होणार होती, आणि तिच्या हाताला रक्ताचा थेंब लागणार नव्हता. बस्त्यावनं तिच्याकडे पाहिलं. सोडव म्हणाला नाही, माफ कर म्हणाला नाही.

कातरीन पुढं आली. लुटारूंना वाटलं ही आता सांगणार. ती नायकाच्या शेजारून गेली, जणू तो तिथं नव्हताच, आणि बस्त्यावसमोर गुडघ्यांवर बसली. मग रोज पेटीसमोर वाकायची तशी ती वाकली. कपाळ जमिनीला टेकलं, बस्त्यावच्या चिखलानं भरलेल्या गुडघ्यांपाशी. तिची मान तलवारीच्या खाली आली होती. ती तशीच राहिली.

मग दुमिंग चाचपडत उठला, शेजारी जो हाताला लागला त्याच्यापुढं वाकला. तो शेजारचा आणखी कुणापुढं. वेदीकडे पाठ करून सगळं देऊळ एकमेकांपुढं गुडघे टेकू लागलं. सुकट खाल्लेली ती बाई एका लुटारूच्याच समोर बसली होती. तिनं मागंपुढं पाहिलं आणि त्यालाच वाकून नमस्कार केला. त्याच्या काखेत तिचीच कोंबडी होती. तो म्हणे एक पाऊल मागं सरला आणि कोंबडी त्याच्या हातून निसटली.

यानंतर काय झालं, याच्या दोन तऱ्हा सांगतात. काहीजण म्हणतात, तलवार मेणासारखी वाकली. म्हातारा सेवक हे लहान मुलांना सांगतो. मोठ्यांना तो सांगतो की ओहोटी लागली होती, खालून शिंग वाजत होतं, आणि अजून थोडा वेळ थांबले असते तर त्यांच्या होड्या चिखलात रुतल्या असत्या. पण तो हेही सांगतो की नायकानं जाण्याआधी त्या रिकाम्या पेटीत हात घातला, आतून चारी बाजूंनी चाचपून पाहिलं, आणि मग तलवार म्यान केली. प्याला घेऊन ते गेले. जाताना त्यांनी गावच्या होड्या पेटवल्या, बस्त्यावचीही.

धूर खाली दिसत होता तेव्हा बस्त्याव कातरीनला म्हणाला, "वयनी, त्या दिशी दोर मीच..."

"गप," ती म्हणाली. "देव हाय तुज्या पोटात अजून. आता काय बोलू नको."

तो रडायला लागला. तीही रडली. तिनं त्याला माफ केलं असं ती पुढंही कधी म्हणाली नाही, पण वाट बदलणं तिनं त्या दिवसापासून सोडलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पाद्री साल्वादोर शिपायांना घेऊन आला. लुटारू गेलेले होते. पेटी उघडी पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला आणि भाकर लोकांनी आपल्या हातांनी वाटून खाल्ली हे कळल्यावर तो संतापला. त्या काळी अशा गोष्टीची चौकशी गोव्याच्या धर्मन्यायालयापर्यंत जायची आणि तिथं गेलेला माणूस परत येईलच असं नव्हतं. हात कुणाचा लागला, असं त्यानं गरजून विचारलं. गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागलं. कातरीनला पाठीशी घालून बस्त्याव पुढं होणार, तेवढ्यात ती स्वतःच उठून आली आणि म्हणाली, माझा. मग शिक्षेची वाट न बघता ती पाद्रीसमोर गुडघ्यांवर बसली, आणि काल जशी वाकली होती तशी त्याच्यापुढं वाकली.

पाद्रीला आधी वाटलं ही क्षमा मागतेय. पण कपाळ उचलल्यावर ती त्याच्या पायांकडे बघत नव्हती. पेटीसमोर बसताना तिची नजर जशी असायची, तशी ती त्याच्याकडे बघत होती. त्याला ते सहन होईना.

"उठ," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "सगळ्यांनी खाल्ली, मी खाल्ली नाही. मी पळून गेलो होतो. माझ्यात काही नाही, बाई."

"मीबी खाल्ली नाय, पाद्रीबाबा," कातरीन म्हणाली. "मना उरलीच नाय. पण रातभर मी रिकामी नव्हते."

हे गावालाही तेव्हाच कळलं. शेवटची तिनं बस्त्यावला दिली हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण लुटारूंच्या धाकात ती तिच्याच वाट्याची होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाद्री साल्वादोर मग शिपायांदेखत कातरीनसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं कपाळ जमिनीला टेकलं. गोव्याला काही कळवलं गेलं नाही. दिवा लाव, एवढंच तो उठताना तिला म्हणाला. पेटी रिकामी आहे, असं तिनं सांगितलं, तर म्हणाला, असू दे, तरी लाव.

आजही त्या रविवारी तिवरपाड्यात पेटी उघडी राहते आणि तिच्यापुढं दिवा जळतो. भाकर वाटणारी व्यक्ती त्या दिवशी स्वतः घेत नाही. वाटून झालं की लोक वेदीकडे पाठ करतात, एकमेकांपुढं वाकतात, पण पहिला नमस्कार ज्यांनी भाकर घेतली नाही त्यांना असतो. त्यात वाटणारा असतो, मनात अढी असल्यामुळं मागंच बसून राहिलेला असतो, दारात उभा असलेला परधर्माचा पाहुणाही असतो. पुण्याचे ते गृहस्थ हकीकत ऐकून उठले, तेव्हा म्हातारा सेवक त्यांच्यापुढं गुडघे टेकायला लागला. त्यांनी घाईनं त्याचे दंड धरले, म्हणाले, अहो, हे काय, मी तर देवबीव मानत नाही. म्हाताऱ्यानं त्यांचे हात हळूच बाजूला केले आणि तो वाकला.